मराठी मजकुरासाठी पहिलं वेब टूल कसं बनवायचं: रिकाम्या फाइलपासून लिंक पाठवेपर्यंत

मी बनवलेलं पहिलं वेब टूल शब्द आणि अक्षरं मोजायचं होतं. एक चौकोन, त्यात मजकूर टाकायचा, खाली आकडा दिसणार, बस. अर्ध्या दिवसात झालं आणि खूप आनंद झाला, लगेच चार जणांना लिंक पाठवली आणि पहिल्याच मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, 'क्षत्रिय'मध्ये आठ अक्षरं कुठनं आली?" मी मोजून बघितलं, क्ष, त्रि, य. तीन. टूल म्हणत होतं आठ. त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या सहा महिन्यांत व्हिडिओ बघून शिकले नव्हते.

म्हणून नव्याने शिरणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. थोडंसं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येत असेल, म्हणजे व्हेरिएबल काय, फंक्शन काय, एवढं कळत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. कोड कमीच लागतो यात, खरं तर साठ-सत्तर ओळी. बाकीचा सगळा वेळ दोन गोष्टींवर जातो, मराठी मजकूर कॉम्प्युटरच्या आत कसा असतो ते समजून घेणं आणि समोरचा माणूस न अडखळता ते वापरेल असं पान मांडणं. शिकवणीत या दोन्ही गोष्टी शेवटी दोन मिनिटांत उरकतात, आणि टूल लोक वापरतील की सोडून देतील हे मात्र त्यांच्यावरच ठरतं.

काय काय लागेल

- कोड एडिटर. व्हीएस कोड फुकट आहे, तो घ्या. साधं नोटपॅड चालतं पण त्यात एक खड्डा आहे, तो खाली सांगते.
- एक ब्राउझर, जमलं तर दोन (क्रोम आणि फायरफॉक्स), आणि त्यातली डेव्हलपर टूल्स. एफ १२ दाबलं की उघडतात.
- स्वतःचा मोबाइल, कारण टूल बहुतेक लोक तिथेच उघडणार.
- गिटहबचं (कोडच्या फाइली ठेवायची साइट) खातं, वेबवर चढवायच्या पायरीसाठी.
- एमडीएनची (मोझिलाची वेब तंत्रांची माहिती देणारी साइट) कागदपत्रं एका टॅबमध्ये कायम उघडी. अडलं की आधी तिथे बघायचं, मग बाकीकडे.
- कागद आणि पेन्सिल. हे खरंच लागतं.

रिॲक्ट वगैरे फ्रेमवर्क, म्हणजे कोडचे तयार सांगाडे, काही लागत नाहीत. फ्रेमवर्क वाईट म्हणून नाही सांगत, पण पहिल्या टूलला ते घेतलं की बिघडलं काय, तुमचा कोड, फ्रेमवर्क की ते बांधणारी यंत्रणा, हेच कळत नाही आणि माणूस तिथेच कंटाळून सोडून देतो.

१. टूल काय करणार ते एका वाक्यात लिहा

"मराठी मजकूर पेस्ट केला की शब्द आणि अक्षरं किती ते लगेच दाखवणारं पान." झालं. हे वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवा कारण दुसऱ्याच दिवशी तुम्हाला वाटायला लागेल की यात लिपी बदलायची सोय पण टाकू, शुद्धलेखन पण तपासू, लॉगिन पण ठेवू. सगळ्या कल्पना दुसऱ्या कागदावर लिहा, फेकू नका, पण त्या पहिल्या टूलमध्ये घालू नका.

त्या वाक्याला एक प्रश्न मात्र विचारा: हा आकडा कोणाला, कशासाठी हवाय? निबंध स्पर्धेची शब्दमर्यादा असेल तर शब्द नीट मोजले पाहिजेत. एसएमएस पाठवायचा असेल तर हिशोब वेगळा, रोमन अक्षरांचा एसएमएस १६० अक्षरांचा पण देवनागरी आली की एका मेसेजची मर्यादा ७० वर येते, आणि तिथे काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. म्हणजे "अक्षर" या एकाच शब्दाची दोन उत्तरं झाली आणि दोन्ही बरोबर. हे आधी ठरवलं नाही तर पुढे कोड चुकीचा नसतानाही आकडा चुकीचा वाटतो.

२. पान कागदावर काढा

पाच मिनिटांचं काम आहे पण टाळू नका. मोबाइलच्या आकाराचा उभा आयत काढा. वर नाव, मग मजकुराची पेटी, मग आकडे. आता स्वतःला विचारा की कीबोर्ड वर आला की काय दिसेल? अर्धा स्क्रीन झाकला जातो, आणि आकडे पेटीच्या खाली असतील तर ते नेमके कीबोर्डमागे जातात. मी हे कागदावर काढलं नव्हतं म्हणून मला हे टूल चढवल्यावर कळलं. आकडे पेटीच्या वर ठेवा, टाइप करतानाही दिसत राहतात.

३. तीन फाइली तयार करा

एक फोल्डर, त्यात इंडेक्स नावाची एचटीएमएल फाइल, एक सीएसएसची, एक जावास्क्रिप्टची. नावं रोमन लिपीत, सगळी छोट्या लिपीतली अक्षरं, मध्ये स्पेस नाही. हा नियम आत्ता उगाच कडक वाटेल, दहाव्या पायरीत त्याचं कारण येतं.

नोटपॅडचा खड्डा हा, की फाइल सेव्ह करताना ते शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं पण ब्राउझर पान म्हणून उघडतच नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेंशन दाखवायची सेटिंग चालू करा, एकदाच करायची असते.

एचटीएमएलच्या हेडमध्ये तीन गोष्टी पहिल्यापासून हव्यात.

पहिली, कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) असल्याचा मेटा टॅग, आणि तो हेडच्या अगदी सुरुवातीला, कारण ब्राउझर तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्येच असावा अशी अपेक्षा धरतो. हा नसला की मराठीच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसू शकते. नीट बघितलं तर एका देवनागरी चिन्हामागे तीन-तीन विचित्र चिन्हं असतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ब्राउझर तो प्रत्येक बाइट सुटं अक्षर समजून छापतो. एकदा हे कळलं की असा कचरा दिसल्यावर घाबरायला होत नाही, मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय एवढंच.

दुसरी, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग. नसेल तर मोबाइल पूर्ण पान डेस्कटॉपएवढं रुंद धरून आक्रसून दाखवतो.

तिसरी, एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी असल्याचं सांगणं, त्यासाठी "मराठी"चा दोन अक्षरी कोड आहे, एम आणि आर. हे बहुतेक जण विसरतात किंवा तिथे इंग्रजीचा कोड तसाच राहतो. त्याने काय होतं? स्क्रीन रीडर, म्हणजे न बघू शकणाऱ्याला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मराठी इंग्रजी उच्चाराने वाचायला जातो, आणि काही फॉन्टमध्ये मराठी पद्धतीचा ल आणि श वेगळा दिलेला असतो तो भाषा सांगितली तरच उमटतो. आपला ल आपल्या वळणाचा दिसावा असं वाटत असेल तर ही एक ओळ लिहा.

४. मजकूर वाचायचा कधी

टेक्स्टएरिया ठेवा आणि तिच्यातला मजकूर बदलला की मोजणी करा. इथे बऱ्याच शिकवण्यांत "की-अप" इव्हेंट वापरतात, म्हणजे कीबोर्डचं बटण सुटलं की मोजा. ते घेऊ नका. कोणी माऊसने पेस्ट केलं तर कुठलंही बटण सुटत नाही आणि आकडा शून्यच राहतो. बोलून टाइप केलं तरी तेच. मोबाइलच्या कीबोर्डवर आणि रोमनमधून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर तर अक्षर तयार होत असताना कोणतं बटण दाबलं हे ब्राउझरला धड कळतही नाही. "इनपुट" नावाचा इव्हेंट घ्या, मजकूर कुठूनही आला तरी तो चालतो.

"मोजा" असं बटण ठेवायचं का? माझ्या मते नको. माणूस मजकूर टाकून आकड्याकडे बघतो, बटण शोधत नाही. मानवी प्रतिसादाबद्दल जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या मर्यादा अजून कामाच्या आहेत: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्क्षणी झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातं. दोन-चार पानांचा मजकूर मोजायला ०.१ सेकंदही लागत नाही. पूर्ण पुस्तक पेस्ट करणाराही कोणी भेटतोच, त्याच्यासाठी टायपिंग थांबल्यावर पाव सेकंदाने मोजणी करा. याला डीबाउन्स म्हणतात, चार ओळींचं फंक्शन असतं.

५. अक्षर म्हणजे नक्की काय

आता "क्षत्रिय". जावास्क्रिप्टमध्ये मजकुराची लांबी विचारली की ती अक्षरं सांगत नाही, आत साठवलेले युनिट सांगते. क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. आठ झाले. मैत्रिणीला दिसलेले आठ हेच. यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर प्रत्येकाचे तीन प्रमाणे चोवीस बाइट. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला अक्षरं तीन. एकाच शब्दाचे तीन आकडे आणि एकही खोटा नाही.

डोळ्याला दिसणारं अक्षर मोजायला ब्राउझरमध्येच सोय आहे, "इंटल" मधलं सेगमेंटर. त्याला भाषा मराठी आणि तुकडे "ग्राफीम"चे हवेत असं सांगायचं, तो मजकूर तोडून देतो, तुकडे मोजायचे. क्रोममध्ये हे २०२० मध्ये आलं, फायरफॉक्समध्ये बरंच उशिरा, २०२४ मध्ये, म्हणून जुन्या ब्राउझरवर ते नसलं तर काय करायचं याची एक ओळ लिहून ठेवा. आणि सेगमेंटर एकदाच तयार करून ठेवा, प्रत्येक अक्षराला नवा बनवला तर उगाच वेळ जातो.

पण इथेही एक गाठ आहे, आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक, त्याच्या जुन्या नियमाप्रमाणे हलन्तापाशी तुकडा तुटायचा, म्हणजे "क्षत्रिय"चे क्, ष, त्, रि, य असे पाच तुकडे. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला आणि जोडाक्षर एकत्र धरायला लागले, तेव्हा कुठे क्ष, त्रि, य असे तीन झाले. म्हणजे तुमचा कोड तोच, एका फोनवर पाच येतात आणि दुसऱ्यावर तीन. माझ्या लॅपटॉपवर बरोबर आणि जुन्या फोनवर चूक येत होतं आणि मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले होते. तुम्ही बसू नका. सगळीकडे तीनच हवे असतील तर सेगमेंटरने दिलेले तुकडे पुन्हा एकदा तपासा, जो तुकडा हलन्ताने संपतो आणि ज्याच्या पुढच्या तुकड्याची सुरुवात व्यंजनाने होते ते दोन जोडून टाका. दहा ओळींचं काम आहे आणि नव्या ब्राउझरवर त्याने काही बिघडत नाही.

आता मर्यादेचं. टेक्स्टएरियाला "मॅक्सलेंग्थ" देऊन अक्षरमर्यादा घालता येते, पण ती मर्यादा आतले युनिट मोजते. म्हणजे शंभरची मर्यादा घातली तर मराठी लिहिणाऱ्याला शंभर अक्षरं मिळतच नाहीत, काने-मात्रे त्यातूनच वजा होतात, आणि तो मध्येच अडतो, का ते त्याला कळत नाही. मर्यादा घालायचीच असेल तर आकडा लाल करा आणि किती जास्त झालं ते सांगा, टायपिंग अडवू नका.

याच पायरीत अजून एक गोष्ट करून घ्या, कारण नंतर शोधायची किंवा सारखे शब्द मोजायची सोय टाकली की ती लागतेच. मराठीत दिसायला एक पण आतून वेगळे असे शब्द भरपूर आहेत.

"ॲप" आणि "अॅप" बघा. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे (युनिकोडमध्ये २००८ साली आलं), दुसऱ्यात अ आणि वरचा चंद्र असे दोन. डोळ्याला सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे प्रकार एका रूपात आणणं, एनएफसी म्हणतात ते, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते आपणच करायचं.

"दुसऱ्या" मधला ऱ्या तर तीन प्रकारांनी येतो. एक, नुक्ता असलेला ऱ हे एकच चिन्ह, मग हलन्त आणि य. दोन, साधा र आणि सुटा नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि त्याच्यामागे डोळ्याला न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. एनएफसी पहिल्या दोघांना एक करतं, तिसऱ्याला हातही लावत नाही. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो, म्हणून दोन माणसांनी मिळून लिहिलेल्या एकाच लेखात "दुसऱ्या" शोधलं तर अर्धेच सापडू शकतात.

उपाय असा की तुलना करण्यासाठी मजकुराची वेगळी प्रत बनवायची. त्या प्रतीवर एनएफसी करा, मग अ-चंद्र जोडीचा ॲ करा, मग र-हलन्त-जॉइनरचा ऱ-हलन्त करा, आणि त्यानंतरच उरलेले अदृश्य जॉइनर काढून टाका. क्रम महत्त्वाचा, जॉइनर आधी काढले तर "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं आणि तो रफार असतो. आणि हे सगळं प्रतीवरच, माणसाने पेटीत लिहिलेला मूळ मजकूर कधीही बदलायचा नाही. तो त्याचा आहे.

६. शब्द मोजणं

हे सोपं आहे, पटकन उरकतं. मोकळ्या जागेवर तोडा आणि तुकडे मोजा. खड्डे तीनच.

पेटी रिकामी असताना एक शब्द दिसतो, कारण रिकामा मजकूर तोडला तरी एक रिकामा तुकडा हातात येतो. रिकामे तुकडे गाळा.

"आला - गेला" यात मधली रेघ सुटी असल्याने ती पण शब्द धरली जाते. ज्या तुकड्यात एक तरी अक्षर किंवा अंक आहे तोच शब्द धरा.

आणि हे अक्षर ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातला नमुना शोधायची भाषा) नेहमीचं "बॅकस्लॅश डब्ल्यू" घेऊ नका, त्याला फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर कळतात, मराठी त्याच्या लेखी अक्षरच नाही. युनिकोड प्रॉपर्टी वापरा, "एल" म्हणजे अक्षरं आणि "एन" म्हणजे अंक. पूर्ण शब्द पकडायचा असेल तर "एम" पण घ्या, काना-मात्रा-अनुस्वार त्यात येतात, नाहीतर "मराठी"चे "मर" आणि "ठ" असे तुकडे होतात, काना आणि वेलांटी तिथेच गळून पडतात.

"हळू-हळू" एक शब्द की दोन? स्पर्धेच्या नियमावर आहे. मी एक धरते आणि पानावर तसं लिहून ठेवलंय. नियम लिहिलेला असला की भांडण होत नाही.

७. दिसायला कसं हवं

सीएसएसच्या शिकवण्या रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या असतात, त्यातले आकडे जसेच्या तसे उचलले की मराठी गुदमरते.

ओळींमधलं अंतर १.२ किंवा १.४ ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात. १.७ च्या आसपास ठेवा आणि "र्‍हस्व", "कृपा", "द्वंद्व", "मैत्रीपूर्ण" असले वर-खाली पसरणारे शब्द टाकून बघा. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकू नका, वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो, त्यापेक्षा आत मोकळी जागा द्या आणि उंची आपोआप होऊ द्या.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, मराठीला देऊ नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे-सुटे तुकडे वाटायला लागतात. तिरकं म्हणजे इटॅलिक पण टाळा, देवनागरीत ती परंपरा नाही आणि बऱ्याच फॉन्टमध्ये तिरका अवतार नसल्याने ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

फॉन्टमध्ये नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता घ्या, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. फाइल जड वाटली तर बाहेरचा फॉन्ट घेऊच नका, फोनमधला चालतो. पेटीतल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका, आयफोनवर त्याहून लहान असलं की पेटीला हात लावताच सफारी पान झूम करते आणि मांडणी विस्कटते.

आकडे मराठीत हवेत ना? त्यासाठी शून्याचं ० करणारा तक्ता बनवायची गरज नाही. "इंटल" मध्येच नंबरफॉरमॅट आहे, त्याला भाषा मराठी सांगितली की तो 123456 चं १,२३,४५६ करून देतो, देवनागरी अंक आणि लाखाचा स्वल्पविराम दोन्ही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, कोणीतरी आपल्यासाठी आधीच विचार करून ठेवलाय.

रंगांचं थोडक्यात: अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत, डब्ल्यूसीएजी मध्ये, तसं दिलंय. फिकट राखाडीवर पांढरं सुंदर दिसतं ते तुमच्या स्क्रीनवर, उन्हात धरलेल्या फोनवर काही दिसत नाही. डेव्हलपर टूल्स हा आकडा काढून देतात. बटणं बोटाने दाबली जातील एवढी ठेवा, नियमावलीतली किमान जागा २४ बाय २४ पिक्सेल आहे पण मी ४४ च्या खाली जात नाही.

८. बटणांवरचे शब्द, आणि चूक झाली तर

माझ्या पानावर दोनच बटणं आहेत, "कॉपी करा" आणि "पुसा". आधी दुसऱ्यावर "रीसेट" होतं. एका काकांनी विचारलं, रीसेट केलं की पान पहिल्यासारखं होतं की माझा मजकूर जातो? शब्दच असा घ्या की दाबल्यावर काय होणार ते त्यातच कळेल. "सबमिट", "ओके", "प्रोसेस" हे शब्द प्रोग्रामरच्या बाजूने बोलतात, वापरणाऱ्याच्या नाही. आणि अवघड संस्कृत प्रतिशब्दही नको, "कॉपी" सगळ्यांना कळतं, "प्रतिलिपित करा" वाचून माणूस थबकतो.

"पुसा" दाबल्यावर "नक्की पुसायचं?" असा डबा उघडायचा का? नका उघडू. दोन-चार वेळा दिसला की लोक न वाचता हो म्हणतात, आणि ज्या दिवशी खरंच चूक होते त्या दिवशीही हो म्हणूनच मोकळे होतात. त्यापेक्षा लगेच पुसा आणि तिथेच "परत आणा" असं बटण दाखवा. त्यासाठी पुसण्याआधी मजकूर एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा, एवढंच. कंट्रोल-झेड आहे की, असं वाटेल, पण पेटीतला मजकूर कोडने बदलला की ते बऱ्याचदा चालत नाही, आणि मोबाइलवर ते बहुतेकांच्या हातीच नसतं. कोणाचा दोन तास लिहिलेला निबंध आपल्या टूलमुळे जाऊ नये, यासाठी मी बाकी काहीही सोडायला तयार आहे.

"कॉपी करा" तुमच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून तपासताना चालेल न चालेल, क्लिपबोर्ड फक्त सुरक्षित पानावर, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवर (आपल्याच कॉम्प्युटरवर चालवलेला सर्व्हर) हमखास मिळतो. कॉपी झालं की बटणावरच दोन सेकंद "कॉपी झालं" दाखवा, नाहीतर लोक तीनदा दाबतात.

वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर पानावर परत दाखवायचा असेल, समजा सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द, तर "इनर एचटीएमएल" वापरू नका, "टेक्स्ट कंटेंट" वापरा. पहिल्याने मजकुरातले टॅग खरे टॅग म्हणून चालतात आणि तिथून कोणीही नको तो कोड घुसवू शकतं.

आकडा बदलला हे न बघू शकणाऱ्यालाही कळावं म्हणून त्या जागेला "एरिया-लाइव्ह" (aria-live) द्या, "पोलाइट" या किमतीसह. पण दर अक्षराला नाही, टायपिंग थांबल्यावर सेकंदाने, नाहीतर स्क्रीन रीडर सारखा आकडेच वाचत बसतो आणि लिहिणाऱ्याला लिहू देत नाही. आणि पेटीला लेबल द्या, प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या पेटीतला फिकट मजकूर, म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो गायब होतो.

मजकूर ब्राउझरमध्ये साठवून ठेवायचा मोह होईल, लोकल स्टोरेज सोपं आहे. मी ठेवत नाही. घरातला कॉम्प्युटर चार जण वापरतात, एकाचं खाजगी पत्र दुसऱ्याला दिसलं तर? ठेवायचंच असेल तर विचारून ठेवा. आणि मजकूर कुठेही पाठवला जात नाही, सगळं याच ब्राउझरमध्ये होतं, हे पानावर एका ओळीत लिहा, लोक खरोखर ते शोधतात.

९. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

दोन-तीन माणसं बास, त्यातलं एक तरी कॉम्प्युटरशी फारसा संबंध नसलेलं. फोन त्यांच्या हातात द्या, "यातले शब्द मोजून दाखवा" एवढंच सांगा आणि मग काही बोलू नका. हे फार अवघड जातं, आपण लगेच "ते वर बघा ना" म्हणतो. नाही म्हणायचं. बोट कुठे थांबलं, कुठे परत मागे गेलं, ते लिहून घ्या. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे पानावरची एक दुरुस्ती, त्यांची चूक नव्हे. माझ्या पानावरचं मदतीचं लांबलचक टिपण मी याच वेळी काढून टाकलं, कोणीच वाचलं नाही.

१०. वेबवर चढवा

गिटहबवर एक सार्वजनिक रेपॉझिटरी, म्हणजे फाइली ठेवायची जागा, करा, तिन्ही फाइली टाका, सेटिंग्जमध्ये जाऊन पेजेस, म्हणजे त्या फाइली वेबवर पान म्हणून दाखवायची सोय, चालू करा. फुकट आहे. गिटच्या कमांड येत नसतील तर ब्राउझरमधूनच फाइली ओढून टाकता येतात, गिट सावकाश शिका. पान दिसायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात सेटिंग बदलत बसू नका.

चढवल्यावर हमखास येणाऱ्या तीन अडचणी:

- घरी छान दिसणारं पान तिकडे रंगरूपाशिवाय, नुसतं उघडं दिसतं. बहुतेक वेळा कारण फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर. विंडोजला स्टाइल मोठ्या एसने आणि लहान एसने एकच वाटतं, सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. तिसऱ्या पायरीतला नियम यासाठी.
- एचटीएमएलमध्ये सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट फाइलीचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू केलेला. गिटहबवर तुमचं पान रेपॉझिटरीच्या नावाच्या आत असतं, आणि सुरुवातीची तिरपी रेघ थेट मुळापाशी नेते जिथे तुमची फाइलच नाही. रेघ काढा.
- बदल केला पण जुनंच दिसतंय. कॅश आहे, म्हणजे ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

११. चढवल्यानंतर

कोणी "आकडा चुकतोय" म्हणालं की वाद न घालता त्यांच्याकडून तोच मजकूर कॉपी करून मागा, स्क्रीनशॉट नको, त्यात अदृश्य चिन्हं दिसत नाहीत. मग डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये त्याचं एकेक चिन्ह सुटं करून बघा, दोषी लगेच सापडतो.

आणि एक तपासणी फाइल ठेवा. प्रत्येक बदलानंतर त्यातला मजकूर टाकून आकडे जुळतात का ते बघायचं. माझ्या फाइलमध्ये सध्या आहेत: रिकामा मजकूर, नुसत्या स्पेस, क्षत्रिय, ॲप आणि अॅप, तिन्ही प्रकारचं दुसऱ्या, आला - गेला, हळू-हळू, देवनागरीत लिहिलेलं वर्ष, एक इंग्रजी शब्द घुसलेलं वाक्य, इमोजी, आणि पाचशे पानांचा मजकूर. तुमची यादी याच्यापासून सुरू करा, लोक त्यात भर घालत राहतील.